इंग्रजीच्या तासाला शिकलेले ‘पुट फॉरवर्ड’

शाळेच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी इंग्रजीच्या सरांविषयी लिहायचे ठरवल्यावर मला त्यांनी दहावीला शिकवलेले ‘पुट फॉरवर्ड’ हे क्रियापदच प्रथम आठवले, कारण एखादा शब्दप्रयोग किती बारकाईने शिकवता येतो, हे मी त्या तासाला अनुभवले.

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, हे ठाऊक असल्यामुळे सरांनी अर्थ विचारताच वर्गातून ‘पुढे करणे’ असे उत्तर आले. सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि विचारले, ‘‘मराठीत आपण काय काय पुढे करतो रे?’’ कोणी ‘हात’ म्हणाले, कोणी ‘कारण’. तेव्हा त्यांनी समजावले, की ‘कारण पुढे केले’ म्हटले की सबबीचा वास येतो, तसा या इंग्रजी प्रयोगाला येत नाही. योजना, मत, सिद्धान्त किंवा एखाद्या पदासाठी कोणाचे नाव इतरांच्या विचारार्थ ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ असून आपल्याकडे त्याला ‘मांडणे’ आणि नावाच्या बाबतीत ‘सुचवणे’ हे शब्द शोभतात. ब्रिटनमध्ये वसंत ऋतूत घड्याळे एक तास पुढे करतात, त्यालाही हेच क्रियापद वापरतात, असे सांगून त्यांनी उत्तर देणाऱ्या मुलाचा मान राखला.

कर्माची जागा हा सरांचा खास जिव्हाळ्याचा विषय होता. ‘पुट फॉरवर्ड अ प्लॅन’ आणि ‘पुट अ प्लॅन फॉरवर्ड’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण सर्वनाम मधेच आले पाहिजे, हे दाखवण्यासाठी त्यांनी ‘पुट’ आणि ‘फॉरवर्ड’ यांच्यात ऐसपैस जागा सोडली आणि तेथे पिवळ्या खडूने ‘इट’ लिहिले.

डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपुरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात चित्तरंजन दास यांनी असहकाराचा ठराव मांडला, हे उदाहरणही त्यांनी दिले. सभेत रीतसर ठराव मांडण्याला इंग्रजीत ‘मूव्ह’ म्हणतात आणि चर्चेत कल्पना मांडण्याला ‘पुट फॉरवर्ड’. मराठीचे ‘मांडणे’ दोन्हीकडे चालते.

आज मी इंग्रजी कागदपत्रांचे मराठी अनुवाद करतो. त्यांत या क्रियापदाची कर्मणी रचना वरचेवर येते आणि ‘प्रस्ताव मांडण्यात आला’ असे लिहून मोकळे होता येते. परंतु मांडणाऱ्याचे नाव मूळ कागदात सापडत असेल, तर ते शोधून मी वाक्य कर्तरी करतो, कारण असे मोघम वाक्य दिसले की ‘‘कोणी मांडला?’’ हा सरांचा प्रश्न ठरलेला असे.