वाटत नाही हो!

कार्यक्रम संपला की रंगमंचाच्या मागे चहा असतो. तिथे हमखास कुणीतरी येऊन विचारतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी सांगते, अकोटची, अकोला जिल्हा. "वाटत नाही हो!" हे ठरलेलं. आणि त्याच्या पाठोपाठ, "मग तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं?"

गेली वीस वर्षं सूत्रसंचालन करतेय आणि वीस वर्षं एकच उत्तर देत आले: वाचन. ते खोटं आहे. म्हणजे वाचते मी भरपूर, पण वाचून कुणाचा हेल गेल्याचं मला माहीत नाही. परवा एका आजोबांनी नातीला पुढे करून हाच प्रश्न विचारला, "हिलाही सांगा, काय केलंत ते." आता त्यांनी विचारलंच आहे, तर सांगते.

१९९२ साली नोकरीसाठी पुण्यात आले आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहू लागले. पहिल्याच आठवड्यात मंडईत गेले आणि विचारलं, "दादा, सांबार कसा दिला?" भाजीवाला म्हणाला, "ताई, सांबार हाटेलात. हितं भाजी मिळती." शेजारच्या दोघी हसल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. गंमत अशी की 'हितं' आणि 'मिळती' म्हणणारा तो भाजीवाला पेठेतल्या एखाद्या वाड्यात गेला असता तर माझ्याच पंक्तीला बसला असता. पण त्या सकाळी त्याला आपल्याखाली कुणीतरी सापडलं होतं, आणि ती संधी त्यानं सोडली नाही. कोण सोडतं?

खोलीवरच्या मुली चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या. पण कुणी पाहुणी आली की म्हणायच्या, "ए, ते 'करून राह्यली' म्हणून दाखव ना!" मी म्हणून दाखवायचे. सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. अपमान वगैरे कुणी केला नाही. घरमालकीणबाई तर मायेनंच म्हणायच्या, "तुला सुधारायला हवं हं थोडं."

मग सुधारले. 'ण' सोपा. रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या आणि निवेदिकेच्या मागोमाग पुटपुटायचं: पाणी, कोण, आणि. सुरुवातीला एवढी सावध झाले होते की ऑफिसात एकदा "मण लागत नाही" म्हणाले. 'ळ' त्याहून अवघड, कारण आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो. 'मले-तुले' चार महिन्यांत गेलं. शब्द एकेक करून गेले: चून गेलं, पिठलं आलं, फल्ली गेली, शेंगदाणे आले, वावराचं शेत झालं. सगळ्यात चिवट निघाला तो हेल, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. तो काढायला दोन वर्षं लागली.

या सगळ्याला लोक 'शुद्धलेखन' म्हणतात. साहित्य महामंडळाचे नियम मी पुढे मुद्दाम वाचले: १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. ते लिहिण्याचे आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे. अकोटच्या बाईनं तोंडानं काय म्हणावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी चारचौघांत सांगू शकते, लोक हसतातही. पुढची सांगत नाही.

एसटीडी बूथवरून घरी फोन करायचे तेव्हा मागे रांग असायची. माय विचारायची, "कायले खर्च करून राह्यली वं?" आणि मी इकडून पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. एक दिवस मी तिला 'आई' म्हणून हाक मारली. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "बरं आहे ना तुले?"

१९९९ साली आम्ही स्वतःचं घर घेतलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली होती. ऑफिसातल्या बायका, सोसायटीतल्या बायका. माझी माय बोलकी. गावात तिच्या गोष्टी ऐकायला शेजारणी कामं टाकून बसायच्या. ती रंगात येऊन सांगायला लागली, "आमच्या वावरात औंदा पऱ्हाटी..." मी तिळगुळाचं ताट फिरवता फिरवता म्हणाले, "शेतात, आई. कपाशी." मोठ्यानं नाही, हसत हसतच. ती "हो, शेतात" म्हणाली आणि थांबली. पऱ्हाटीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा पुण्यात आली, पाहुण्यांसमोर 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायची. बायका मला म्हणायच्या, तुमच्या आई किती शांत आहेत!

मंडईतल्या भाजीवाल्याला मी केव्हाच माफ केलंय. तो परका होता.

आणि हेही लिहायला हवं की हसण्याची विद्या मी काही पुण्यात शिकले नाही. अकोटच्या उत्तरेला सातपुडा, वर मेळघाट. बाजाराच्या दिवशी तिकडून कोरकू माणसं उतरायची. त्यांचं मराठी तुटक असायचं आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे नकला करत चालायचो. फार मोठी झाल्यावर वाचलं की कोरकू ही मराठीची मोडतोड नाहीच. ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा, संथाळी-मुंडारीची नातलग. म्हणजे ती माणसं परक्या भाषेत व्यवहार करत होती, जो मला तेव्हा अजिबात जमला नसता. आम्ही त्यांना अडाणी म्हणत होतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि माझी तारखांची वही भरून गेली. प्रत्येक संहितेत लीळाचरित्र, महानुभाव पंथाचा तो जुना मराठी गद्यग्रंथ, होतंच. ते रचलं गेलं रिद्धपूरला, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. महानुभावांचीच एक आठवण मला फार आवडते. पंडित शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागला तेव्हा पंथाच्या संस्थापक चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांनी सांगितलं, तुमचं अस्मात्-कस्मात् मला कळत नाही, चक्रधरांनी मला मराठीत सांगितलंय, मराठीत विचारा. सातशे वर्षांपूर्वी मराठीच खालच्या पंगतीत होती. मी हा प्रसंग मंचावरून सांगते तेव्हा टाळ्या पडतात. त्याच कार्यक्रमाच्या आधी आयोजक कानात सांगून जातात, "एखादी वऱ्हाडी कविता घ्या ना, लोक जरा हसतील." एकदा मी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या बायकोची कविता घेतली. पहिल्याच 'मले'ला सभागृहात खसखस पिकली. तिसऱ्या कडव्यात नवरा गेला तेव्हा कुठे लोक गप्प झाले.

बहिणाबाईंचं मात्र वेगळं. त्यांच्या मनाला 'वढाय' म्हणताना कुणी हसत नाही. तो 'वढाळ'च आहे, 'ळ'चा 'य' झालेला, माझ्या डोयासारखा. तीच चूक, म्हणजे चूक म्हणायची तर. पण बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आली. हयात असत्या आणि माझ्या त्या हळदीकुंकवाला आल्या असत्या, तर मी त्यांनाही दुरुस्त केलं असतं की काय, असं कधी कधी वाटतं.

आजही एखादा मुलगा माइक जोडताना "पानी आहे का मॅडम?" म्हणाला की माझा कान आधी तो 'न' टिपतो आणि मग पाण्याची बाटली शोधतो. कान काही परत पहिल्यासारखा होत नाही.

माय जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत अकोटला गेले होते, बहिणीकडे. सकाळी पिशवी घेऊन एकटीच बाजारात गेले. एका बाईसमोर हिरव्यागार जुड्या होत्या. मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि मग विचारलं, "सांबार कसा दिला वं, माय?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि जपून जपून म्हणाली, "कोथिंबीर ना, मॅडम? दहाची देऊ का?"

मी म्हटलं, दे.