रेमिंग्टन मॉडेल ८ : चमक बघू नका, जॅकेटच्या आत बघा

रेमिंग्टन मॉडेल ८ या जुन्या अमेरिकी रायफलीच्या नळीबाहेरच्या आवरणावर, म्हणजे जॅकेटवर, १६ ऑक्टोबर १९०० ही तारीख दिसली की विकणारा हमखास सांगतो, "ही १९०० सालची रायफल आहे." नाही. ती पेटंटची तारीख आहे. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याला या रचनेचं अमेरिकी पेटंट त्या दिवशी मिळालं. रायफल बाजारात आली १९०६ मध्ये, 'रेमिंग्टन ऑटोलोडिंग रायफल' या नावाने. १९११ मध्ये तिला मॉडेल ८ म्हणायला लागले. १९३६ मध्ये तिची जागा मॉडेल ८१ 'वुड्समास्टर'ने घेतली आणि तीही १९५० मध्ये बंद झाली. रायफल बनायची न्यू यॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या कारखान्यात.

या तारखेच्या गोंधळाचा कायद्याशीही संबंध आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक' ठरतं आणि त्याला बऱ्याच अटींतून सूट मिळते. मॉडेल ८ कितीही जुनी दिसली तरी या व्याख्येत बसत नाही. ती ५० वर्षांहून जुनी असल्यामुळे मूळ स्वरूपात असेल तर 'क्युरिओ अँड रेलिक' वर्गात येते, म्हणजे त्या परवान्याच्या संग्राहकाला घेणं सोपं जातं, एवढंच. दुसऱ्या राज्यातून मागवायची असेल आणि तुमच्याकडे तो परवाना नसेल, तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावी लागते. शिवाय राज्याचे नियम वेगळे, ते आधी वाचा. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तर दोनदा वाचा. आणि 'भारतात नेऊन घरी लावू' हा विचार डोक्यातून काढा. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल ही भिंतीवर लावायची वस्तू नव्हे.

आता ओळख. लांबून पाहिलं तर नळी जाडजूड दिसते. ती नळी नव्हेच, ते बाहेरचं जॅकेट आहे. खरी नळी त्याच्या आत असते आणि गोळी सुटली की बोल्टसकट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता तुकडा) मागे सरकते. फिरत्या तोंडाच्या बोल्टचे दोन दात नळीच्या मागच्या भागात अडकलेले असतात, म्हणून दोघं एकत्र जातात, आणि तेही काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर. शेवटाला बोल्ट मागेच थांबतो. नळी स्प्रिंगच्या जोराने एकटी पुढे जाते, रिकामं कवच बाहेर पडतं, मग बोल्ट सुटून पुढचं काडतूस भरतो. ब्राउनिंगच्या ऑटो-५ शॉटगनमध्येही तत्त्व हेच. उजव्या बाजूला लांब पट्टीची सेफ्टी असते. ती पाहून बहुतेकांना कलाश्निकोव्ह आठवते, पण ही तिच्या चाळीस वर्षं आधीची. खाली पाच काडतुसांचं न निघणारं मॅगझिन, वरून भरायचं.

८ आणि ८१ मधला फरक हातात घेतल्यावर कळतो. साध्या मॉडेल ८ चा दस्ता 'मनगटापाशी' (ट्रिगरमागे हाताने धरतो त्या निमुळत्या भागात) सरळ आणि पुढचं लाकूड सडपातळ. ८१ मध्ये पिस्तूल-पकड आली, पुढचं लाकूड भरदार झालं आणि वजनही थोडं वाढलं. जॅकेटवर रेमिंग्टनसोबत यूएमसीचं (युनियन मेटॅलिक कार्ट्रिज या काडतूस कंपनीचं) नाव असेल तर ती १९१२ च्या विलीनीकरणानंतरच्या वर्षांतली. १९२१ पासून रेमिंग्टन अक्षरांच्या ठशात महिना आणि वर्ष कोरायला लागली. महिन्यांची अक्षरं जानेवारी ते डिसेंबर अशी : बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स. ओळीने वाचलं तर 'ब्लॅक पावडर' आणि शेवटी एक्स. मात्र दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलेल्या बंदुकीवर नंतरचा ठसाही असू शकतो, तेव्हा एकट्या ठशावर विसंबू नका. अनुक्रमांकाशी ताडून बघा.

जॅकेटवर 'फाब्रीक नासिओनाल, हेर्स्टाल' असं दिसलं तर जरा थांबा. ती बेल्जियममध्ये बनलेली एफएन १९०० आहे. जवळपास सारखीच बंदूक, फक्त .३५ रेमिंग्टनमध्ये बनलेली आणि संख्येने पाच हजारांच्या आत. रेमिंग्टनच्या मॉडेल ८ ऐंशी हजारांच्या आसपास निघाल्या. भावातला फरक यातच आला.

सगळ्यात जास्त चुका काडतुसांत होतात. मॉडेल ८ चार कॅलिबरांत, म्हणजे काडतुसांच्या मापांत, आली : .२५, .३०, .३२ आणि .३५ रेमिंग्टन. ८१ ला १९४० मध्ये .३०० सॅव्हेज मिळालं. .३० रेमिंग्टन ताकदीने .३०-३० विंचेस्टरच्या तोडीचं, पण .३०-३० च्या बुडाला बाहेर आलेली कड आहे आणि रेमिंग्टनला नाही. .३२ रेमिंग्टन आणि .३२ विंचेस्टर स्पेशल यांच्यातही हाच फरक. दुकानदार "एकच असतं हो" म्हणाला तर दुकान बदला. .३५ रेमिंग्टन आजही कारखान्यातून मिळतं. .२५, .३० आणि .३२ साठी मात्र जुनी पेटी शोधा किंवा जाणकाराकडून भरून घ्या, आणि हा खर्च किमतीत धरा. स्वस्तात मिळालेली .२५ वर्षभर कपाटातच राहू शकते.

नळी कधी बदलली गेली असेल, ठसा घासला गेला असेल, तर चेंबरचा (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीचा) साचा घ्या. सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. तो साधारण ७० ते ८८ अंश सेल्सिअसमध्ये वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भांड्यातही. चेंबर आधी स्वच्छ आणि कोरडं करा, नळीत थोडं पुढे कापडाचं बूच घाला, धातू ओता, घट्ट झाल्यावर हळूच ढकलून काढा. पहिला अर्धा तास तो थोडा आकसतो, तासाभराने नेमका चेंबरएवढा होतो. मोजमाप त्या वेळी घ्यायचं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर आकडा मोठा येतो, कारण धातू फुगतच राहतो.

किमतीबद्दल पहिली गोष्ट ही, की नव्याने निळी केलेली (पोलादावर निळा-काळा थर पुन्हा चढवलेली) बंदूक सुंदर दिसते आणि त्याच कारणाने तिची किंमत पडते. संग्राहकांमध्ये निम्मी धरतात. ओळखायचं कसं? अक्षरांच्या कडा बोटाने चाचपा. मूळ ठशाची कड धारदार लागते. पॉलिशच्या चाकाखाली गेलेली अक्षरं गुळगुळीत आणि उथळ होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या दबतात, रिसीव्हरचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पोलादी पेटीचे) सपाट भाग उजेडात तिरके धरले की लाटा दिसतात. याउलट जिथे हात लागतो तिथे, म्हणजे रिसीव्हरच्या खाली आणि मॅगझिनच्या कडांवर, राखाडी झालेली बंदूक पुष्कळदा प्रामाणिक असते.

मग भोकं मोजा. दुर्बीण बसवण्यासाठी रिसीव्हरच्या बाजूला नंतर पाडलेली दोन-चार भोकं किंमत चटकन खाली आणतात. रबरी पॅड लावताना दस्ता कापलाय का, हे ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत मोजून कळतं. साडेतेरा इंचांच्या आसपास नसेल तर संशय घ्या. नक्षीकाम केलेल्या वरच्या श्रेणीच्या रायफली खूप महाग जातात, म्हणून 'नक्षी' नंतरही कोरली जाते. पोलिसांसाठी मिझूरीतल्या सेंट जोसेफच्या पीस ऑफिसर इक्विपमेंट कंपनीने बसवलेलं पंधरा काडतुसांचं मॅगझिन दिसलं, तर उत्साह आवरून एखाद्या जाणत्याला दाखवा. २३ मे १९३४ ला लुईझियानात बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीवर पोलिसांनी केलेल्या हल्ल्यात मॉडेल ८ होती, त्यामुळे या 'पोलिसी' बंदुकांना भाव आहे आणि भाव आहे तिथे नकलाही आहेत. एक साधा नियम : मागितलेली किंमत बघू नका, लिलावात प्रत्यक्ष किती पैसे मोजले गेले ते बघा, आणि तेही त्याच कॅलिबरचं, त्याच अवस्थेचं.

नळीच्या आतला भाग किमतीइतकाच इतिहास सांगतो. रेमिंग्टनने क्लीनबोअर ही न गंजवणारी टोपी (काडतुसाच्या बुडातला, बार पेटवणारा प्रायमर) १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणली. त्याआधीच्या टोप्यांत क्लोरेटचा क्षार असे. बार उडाला की तो नळीत चिकटतो, हवेतली ओल ओढतो आणि खड्डे पाडतो. तेलाने तो जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. गरम पाण्यानेच धुवावं लागतं, मग कोरडं करून तेल. म्हणून जुन्या मॉडेल ८ मध्ये बाहेर लखलखाट आणि आत देवीचे व्रण, असं चित्र वारंवार दिसतं. जुनी सीलबंद काडतुसं वापरायची हौस असेल तर हे धुणं त्याच दिवशी, उद्यावर ढकलायचं नाही.

कशालाही हात लावायच्या आधी बंदूक रिकामी करा. इथे एक खुबी आहे. सेफ्टी वर असताना ती बोल्टच्या दांड्याची वाट अडवते, म्हणजे काडतुसं काढताना सेफ्टी खाली आणावीच लागते. तेव्हा तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरपासून लांब. मॅगझिन निघत नसल्यामुळे एकेक काडतूस बोल्ट ओढूनच बाहेर काढायचं. संपल्यावर बोल्ट उघडा अडकतो. मग चेंबरमध्ये नुसतं डोकावू नका, करंगळी घालून बघा, आणि मॅगझिनची पट्टीही दाबून बघा. अंगठा सांभाळा, बोल्ट सुटला तर दया दाखवत नाही.

ही रायफल नळीचा भाग आणि दस्त्याचा भाग अशी दोन तुकड्यांत सुटते, आणि ती सोडवताना बोल्ट उघडा अडकलेला हवा. बंद बोल्टचे दात नळीत गुंतलेले असतात, तेव्हा जोर लावलात तर काहीतरी मोडेल. पुढच्या लाकडाचा स्क्रू काढून लाकूड पुढे सरकवा, खालची दांडी उघडून तिने मोठा स्क्रू सोडवा आणि नळी-जॅकेट सरळ पुढे ओढा. लाकडावरच्या स्क्रूसाठी पेचकस खाचेत बरोबर बसणारा, समांतर टोकाचा घ्या. पाचरीच्या टोकाचा घरगुती पेचकस खाच फाडतो, आणि फाटलेली खाच किंमत कमी करते. नळी काढलेली असताना बोल्ट सोडू नका.

यापुढे, म्हणजे जॅकेटच्या आत, घरी जाऊ नका. नळीभोवती दाबून बसवलेली, नळीला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग आणि पुढे बफर स्प्रिंग असते, आणि ती बाहेर काढायला खास हत्यार लागतं. पण नेमकी इथेच या रायफलींची दुखणी असतात. सत्तर वर्षांपूर्वीचं तेल जॅकेटमध्ये काकवीसारखं घट्ट होतं, नळी पुढे यायला उशीर करते आणि कवच अर्धवट अडकतं. माणसं लगेच स्प्रिंगला दोष देतात. आधी तोंडाकडून पातळ भेदक तेल सोडा, तोंड खाली करून रात्रभर कापडावर उभी ठेवा. कापडावर तपकिरी चिकट डाग उमटला तर निदान बरोबर. तीन-चार दिवस हेच करा. जॅकेटला बाहेरून पोचा पडलेला असेल तर मात्र तेलाने काही होत नाही, आतली नळी घासत राहते, आणि ते काम गनस्मिथचं.

स्प्रिंग खरोखर मऊ झाली असेल तर लक्षणं वेगळी येतात. धक्का टोकदार लागतो आणि दस्त्याला मनगटापाशी, लाकूड रिसीव्हरला भिडतं तिथे, चीर पडते. चीर पाहून नुसती चिकटवलीत तर पुन्हा उघडते, कारण मूळ दोष स्प्रिंगमध्ये आहे. स्प्रिंग ताणून लांब करू नका, बदला. आणि .३५ साठी घरी भरलेली 'कडक' काडतुसं नकोतच, या बंदुकीने जेवढ्याची सवय केली तेवढंच द्या.

तेल कमी. बोल्टच्या दातांवर आणि घसरणाऱ्या खाचांत ग्रीसचं बोट, नळी-जॅकेटमध्ये पातळ तेलाची झिलई, ग्रीस तिथे अजिबात नको. तोंडाकडून साफ करत असाल तर दांडीला तोंडात बसणारा मार्गदर्शक लावा, नाहीतर तोंडाची कड घासली जाते आणि नेम जातो. जोडल्यावर नळीचा भाग हातात धरून पिळून बघा, हालचाल जाणवली तर मोठा स्क्रू थोडा आवळा. तरीही खेळत असेल तर आटे झिजले.

लाकूड तेलाने काळं आणि मऊ झालं असेल तर रिसीव्हरपासून सोडवून, हवेशीर जागी, आगीपासून लांब, अ‍ॅसिटोनमध्ये कालवलेल्या खडूच्या पुडीचा लेप लावा. वाळला की पूड तेल ओढून पिवळी पडते, झटकून पुन्हा लावा. वरून जवसाचं तेल ओतू नका, आधीच पोट भरलेलं आहे त्याचं. आणि सुंदर चामड्याच्या म्यानात रायफल कायमची ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि ओल पोलादावर म्यानाचाच नकाशा काढतात. कपाटात आर्द्रता ४५-५० टक्के, काडतुसं वेगळी, किल्ली तिसरीकडे.