यादी ४१ वरून ३६ वर आली

रविवारी गोव्यातल्या ग्रांडे बेटाजवळ यंदाची सातवी डाइव्ह झाली आणि माझी माशांची यादी पाच जातींनी आखडली. मासे कुठे गेलेले नाहीत. मीच त्यांना दोनदोनदा मोजत होतो.

पहिली फजिती एंजलफिशची. पोमाकँथस अॅन्युलॅरिस मोठा झाला की तपकिरी-नारिंगी अंगावर निळ्या कमानी. पिल्लू मात्र काळसर निळं आणि त्यावर पांढऱ्या उभ्या रेषा. आईबापाशी काडीचं साम्य नाही, म्हणून मी त्याला वेगळ्या ओळीत बसवलं होतं. मून रास माशाच्या पिल्लाचंही तेच, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका बघून फसलो. मोठ्या दिमाखात लिहिलेला ‘मूरिश आयडॉल’ फोटो नीट पाहिल्यावर बॅनरफिश निघाला. शेपूट पिवळी होती, मूरिश आयडॉलची काळी असते. उरलेले दोन ‘तपकिरी, अनोळखी’ मासे म्हणजे एकच सार्गोसेंट्रॉन रुब्रम. आठ-दहा मीटरवर लाल रंग दिसतच नाही, टॉर्च मारल्यावर कळलं की हा तर चांगला लालभडक आहे. टॉर्च सहा डाइव्ह पिशवीत होता, हे सांगायला नको होतं खरं तर.

मासे मोजायच्या पद्धतीतही बदल केला. आधी तळाशी ५० मीटरची टेप आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर असा पुस्तकी पट्टा मोजायचो. पण झुआरी नदीचा गाळ उतरला की इथे तीन मीटरपलीकडचं दिसणं नशिबावर. बोटीवर चढतानाच तांडेल म्हणाला, “आज उदक गदूळ.” त्याचं बहुधा खरं ठरतं. त्यामुळे आता एकेक मीटरचाच पट्टा, म्हणजे ५० गुणिले २, बरोबर १०० चौरस मीटर. हिशेबही सोपा. टेप अंथरून झाल्यावर दहा मिनिटं बाजूला थांबतो, मग मोजतो. लाजरे मासे तेवढ्यात बाहेर येतात. माझ्या जोडीदाराला ही दहा मिनिटं म्हणजे हवेची नासाडी वाटते. त्याला गोबरा मासा दिसला की तो पट्टा सोडून त्याच्या मागे जातो. या वेळी गेला नाही, याची नोंद घ्यावी.

जानेवारीत याच मापाने मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ दोन पट्टे मोजले होते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. ग्रांडेला तसला दर्जा नाही. (कठीण प्रवाळांना मात्र २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, अभयारण्य असो वा नसो.) तिकडचे आकडे इकडच्यांशेजारी मांडायचा मोह होतो, पण मी अजून मांडत नाही. तिकडे पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं, शिवाय एका पट्ट्यावर वरून पर्यटकांची होडी पाव टाकत होती. सार्जंट मेजर माशांची झुंबड उडाली! पाण्याखाली लिहायच्या माझ्या पाटीवर एका ओळीत तेच तेच. ही अभयारण्यातली समृद्धी की पावाची, सांगता येणार नाही. तो पट्टा बाद केला. हे ग्रांडेलाही होतं, तेव्हा इथेही स्नॉर्कलिंगच्या होड्या लागण्याआधी, सकाळी लवकर उतरायचं ठरवलंय.

पाटीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं घरी येईपर्यंत पुसट होतं, हा त्रास अजून सुटलेला नाही. बोटीवरच पाटीचा फोटो काढायचा, एवढाच तूर्त उपाय.

मेअखेरपर्यंत आणखी चार डाइव्ह बसतील असं वाटतं, मग पाऊस आणि डाइव्हिंगला ऑक्टोबरपर्यंत सुट्टी. तेवढ्यात त्याच पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खूण करून ठेवायची आहे, दगडाला दोर बांधून, प्रवाळाला अजिबात नाही. पावसाळ्यात दोर टिकेल का, कुणाला अनुभव असला तर सांगा.