सडक्या अंड्याचा वास

"आमच्या घरात अंडं येत नाही, आणि गाडीत सडक्या अंड्याचा वास!" गॅरेजात पाय ठेवताच सरांनी गाऱ्हाणं मांडलं. मागे मॅडम, नाकाला पदर. गाडी पेट्रोलवरची, नऊ वर्षं जुनी. आधीच्या गॅरेजवाल्यानं कॅटकॉन, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बदला म्हणून 40,000 सांगितले होते.

त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. इंजिन जास्त पेट्रोल ओढायला लागलं की त्यातल्या गंधकाचा कॅटकॉनमध्ये हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि त्याला हाच वास. पण एप्रिल 2020 पासून पेट्रोलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आलं. तेव्हापासून असल्या तक्रारी माझ्याकडे कमीच. गाडी चालू करून सायलेन्सरमागे उकिडवा बसलो. ना कच्च्या पेट्रोलचा वास, ना कूलंट जळल्याचा गोडसर. प्लग काढला, तोही छान फिकट तपकिरी.

"वास मागून येतच नाही हो, एसीतून येतो," मॅडम म्हणाल्या. "आणि महिन्यात दोनदा हेडलाईटचा बल्ब गेला."

बल्बचं ऐकलं आणि बॉनेट उघडलं. भपकाराच आला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला मल्टीमीटर लावला: 16.3 व्होल्ट. साडेचौदाच्या वर जायला नको. बॅटरी कुशीला फुगलेली, तापलेली. कटआऊट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलेला, चार्जिंग थांबतच नव्हतं, आतलं पाणी आटलं होतं आणि तो हायड्रोजन सल्फाइड बॅटरीच सोडत होती.

पाचेक मिनिटं वाकून बघत होतो. वास जरा कमी झाल्यासारखा वाटला. तेवढ्यात चहा घेऊन आलेलं पोरगं दारातच थबकलं. "उस्ताद, काय मेलंय इथं?"

अंगावर काटा आला. या विषारी गॅसनं नाक बधिर होतं. आपल्याला वाटतं, वास गेला. इंजिन बंद केलं, सगळ्यांना बाहेर काढलं, गाडी ढकलत उघड्यावर नेली. शेजारच्या पंक्चरवाल्याला बिडी विझवायला लावली, कारण अशा बॅटरीतून हायड्रोजनही निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. तो कुरकुरला, पण विझवली.

बॅटरी निवेपर्यंत दोन तास कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. मग नवा कटआऊट, नवी बॅटरी. मीटर 14.1 वर स्थिर. सगळं मिळून सात हजारांच्या आत.

"महिनाभर हे मलाच विचारत होते," मॅडम म्हणाल्या, "डिकीत काय सांडलंस म्हणून."

सर खाली मान घालून नोटा मोजत राहिले.