बुडत नाही का गं तुमचं घर?

आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला कालव्यातल्या बोटीत राहतो, त्यामुळे भारतातून कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, बुडत नाही का गं तुमचं घर? नाही बुडत. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत पाण्याची पातळी कायम राखलेली असते, समुद्रसपाटीच्या साधारण ४० सेंटिमीटर खाली, भरती नाही ओहोटी नाही, लाट आलीच तर ती टूरिस्ट बोटीची. बाहेरच्या पाण्याचं मला काही वाटत नाही, मला धास्ती आहे ती आमच्याच कुकरच्या वाफेची.

आमची बोट मूळची मालवाहू बार्ज, शंभरीला टेकलेली, लोखंडी पत्र्याची, रिव्हेट मारलेली. अशा बोटी इथे वाळू, खडी, कोळसा वाहायच्या, मग ट्रक आले, छोट्या बोटींना काम उरलं नाही, त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची ही टंचाई, लोकांनी सरळ त्यातच संसार थाटले. प्रिन्सेनग्राख्त कालव्यावर हाउसबोट म्युझियम आहे, १९१४ सालची ‘हेंड्रिका मारिया’. पाहुणे आले की आधी त्यांना तिकडे पाठवते, म्हणजे आमच्याकडे येऊन ‘बाथरूम आहे ना?’ विचारत नाहीत. आहे, आणि मैलापाणी पंपाने शहराच्या गटारात जातं, कालव्यात नाही.

तर बार्जमधला माल काढला की ती हलकी होऊन पाण्यावर उंच येते आणि डुलायला लागते, म्हणून घर करताना जमिनीखाली मुद्दाम वजन घालावं लागतं, आमच्या तळाशी काँक्रीटच्या फरशा रचल्यात. वर सामान लावायचं तेही दोन्ही बाजूंना तोलून. नवऱ्याने पुस्तकांचं कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेलं तेव्हा मला कुणी सांगायची गरज पडली नाही, पोळ्या लाटताना लाटणं खाली ठेवलं की ते गडगडत सिंककडे जायला लागलं. लेव्हल-बिव्हल काय नको, लाटणं बास.

आता वाफ. थंडीत बाहेरचा पत्रा पाण्याइतकाच गार, आत आपण डाळ-भात लावतोय, आंघोळी, कपडे वाळत घातलेले, ती सगळी ओल आतल्या लाकडी पॅनलच्या फटींतून मागे जाते, गार लोखंडावर तिचं पाणी होतं आणि ते ओघळून तळाला बिल्जमध्ये, म्हणजे जमिनीच्या फळ्यांखालच्या पोकळीत, साचतं. लोखंड आतून सडतं ते असं, आणि दिसत काहीच नाही कारण समोर छान पॉलिश केलेली भिंत! उपाय म्हणून पत्र्यावर आतून फोम फवारतात, तो चिकटून बसला की ओल पत्र्यापर्यंत पोचत नाही. पण त्याचीही एक गोम आहे, उद्या बाहेरून वेल्डिंग करायची वेळ आली तर त्या जागचा फोम खरवडून काढावा लागतो, नाहीतर तो आतून पेटतो आणि धूर विषारी. म्हणून आमची सगळी पॅनल्स स्क्रूवर आहेत, खिळा एक नाही. स्क्रूची डोकी दिसतात, दिसू देत.

बाहेरची तपासणी ड्राय डॉकवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढून, इन्शुरन्सवाले दर पाच-सहा वर्षांनी मागतातच. बोट वर घेतली की आधी शेवाळ आणि शिंपले प्रेशरने धुवायचे, मग सर्व्हेयर हातोडी घेऊन फिरतो, टणटण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की थांबतो, तेवढा ठिपका घासून चकचकीत करतो, जेल लावतो, मीटर टेकवतो आणि खडूने पत्र्याच्या जाडीचा आकडा लिहितो. ४ मिलिमीटरच्या खाली गेला की इन्शुरन्सवाले कुरकुरतात, मग वरून नवी प्लेट. सगळ्यात झिजते ती पाण्याची रेघ, जिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतं. मग काळं बिटुमेन, म्हणजे डांबरासारखा लेप, आणि खाली मॅग्नेशियमचे ठोकळे, अ‍ॅनोड म्हणतात त्यांना, ते आपल्या पत्र्याच्या बदली झिजतात (गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, समुद्रात झिंक). किनाऱ्यावरून वीज घेतली की अर्थिंगच्या वायरीने तुमची बोट शेजाऱ्यांच्या बोटींना जोडली जाते, पाणी मध्ये आहेच, झाली बॅटरी तयार आणि पत्रा झिजायला लागतो, म्हणून ही जोडणी तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. महाग आहे पण नव्या प्लेटपुढे काहीच नाही.

नुसतं पाण्यावर राहायची हौस असेल तर खरं सांगते, काँक्रीटच्या तळाची बोट घ्या, गंजत नाही, डॉकवर न्यायची कटकट नाही. दिसायला खोक्यासारखी, तेवढं सोसा. आणि इथे खरी किंमत बोटीला नसतेच, ती उभी करायच्या परवान्याला असते, तो आधी बघा. जुन्या बार्जवरच जीव जडला असेल तर बघायला जाताना टॉर्च न्या, किचन-बिचन राहू दे, जमिनीची एक फळी उचलायला सांगा आणि खाली बिल्जमध्ये उजेड मारा. कोरडी धूळ दिसली तर पुढचं बोला. मालक फळी उचलायला कां-कू करायला लागला तर कॉफी प्या आणि निघा.