साडेसहा किलोचा कुत्रा आणि तीन बाटल्या

शेंग्या आमचा डॅशहंड. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब, म्हणून शेंग्या. पाय इतके आखूड की पावसात फिरून आला की आधी पोट पुसायचं, मग पाय. ही जातच मुळात जर्मनीत बिळातली जनावरं हुसकावण्यासाठी तयार केलेली, त्यामुळे नाक कायम जमिनीला. बाकीचे कुत्रे माणसं बघत चालतात, हा मातीचा वास घेत चालतो.

आमची सोसायटी घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या आतल्या बाजूला. मागची भिंत संपली की येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. फ्लॅट घेताना बिल्डरने याच गोष्टीचे जास्तीचे पैसे लावले होते. भिंतीलगत आमचा कचऱ्याचा कोपरा आहे. कचरा म्हटला की उंदीर आले, आणि उंदरांमागे काय येतं ते आम्हाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

संध्याकाळचे सव्वासात. पाऊस नुकताच थांबला होता. शेंग्याने भिंतीजवळच्या गवतात नाक खुपसलं आणि किंचाळून मागे उडाला. मला वाटलं, गांधीलमाशी असेल. मागच्या वर्षी त्याने एक मधमाशी तोंडात धरली होती, तेव्हाही असाच ओरडला होता आणि तासाभरात सूज उतरली होती. या वेळी मोबाइलचा टॉर्च मारला, तर गवतात वीतभर लांबीचं पिल्लू वेटोळं करून बसलेलं. त्याच्यापासून चार पावलं लांब राहून मी दोन फोटो काढले. त्या सगळ्या संध्याकाळीत मी शहाणपणाने केलेली ही एकच गोष्ट.

वॉचमन धावत आला. बघून म्हणाला, "मॅडम, अजगराचं पिल्लू आहे. त्याला विष नसतं." मीही विश्वास ठेवला असता. पण शेंग्याच्या वरच्या ओठावर रक्ताचा एक थेंब होता. तो मी ओढणीने पुसला, पुन्हा आला. पुसला, पुन्हा आला. सुईच्या टोकाएवढी जखम, आणि रक्त थांबत नव्हतं.

फोटो मुलाच्या ओळखीच्या एका सर्पमित्राला पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन. "ताई, घोणस आहे. पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा दिसतात ना? अजगराचे ठिपके असे नसतात, वेडेवाकडे असतात. लोक हमखास फसतात. पिल्लू आहे म्हणून हलकं घेऊ नका, जन्मतःच विष असतं. आणि एक असेल तर आसपास आणखी असतील, घोणशीला एका वेळी वीस-चाळीस पिल्लं होतात." वॉचमनला त्याने साप मारायचा नाही आणि काठी घेऊन जवळही जायचं नाही असं बजावलं, आणि तो स्वतः निघाला.

लिफ्टमधून खाली येईपर्यंत सल्लागार जमले होते. कुणी हळद लावा म्हणालं, कुणी बर्फ. एका काकांनी क्रोसिन पुढे केली. ती मी घेतली नाही ते केवळ घाईत होते म्हणून. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषासारखं लागू शकतं आणि आयब्युप्रोफेन तर त्याहून वाईट. सर्पमित्राने फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: गळ्यातला पट्टा काढा, कारण सूज मानेपर्यंत उतरली की तोच फास होतो. चालवू नका, उचलून न्या. कापू नका, आवळून बांधू नका, चोळू नका.

जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. तिथे सापाच्या विषावरचं औषध नव्हतं. नसतं बऱ्याच ठिकाणी, त्याबद्दल राग नाही. राग याचा, की ते नाही हे सांगायला त्यांनी पंचवीस मिनिटं घेतली, मध्ये एक सुजेचं इंजेक्शन दिलं आणि "सकाळी आणा, बघू" म्हणाले. तोपर्यंत शेंग्याचं थोबाड एका बाजूने फुगून डोळा मिटला होता.

पाचपाखाडीच्या एका डॉक्टर मॅडमचा नंबर मैत्रिणीने दिला. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "साप बघितला का?" फोटो आहे म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. विंचू असता तर सापाच्या विषावरचं औषध उपयोगाचं नव्हतं. माझं माहेर महाडकडचं, त्यामुळे विंचवावर डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण दोन्हींचे उपचार इतके वेगळे असतात, हे तेव्हा डोक्यात गेलं.

मॅडमनी सापाच्या विषावरच्या औषधाच्या चार बाटल्या आणायला सांगितल्या आणि चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मी म्हटलं, "मॅडम, साडेसहा किलोच आहे तो. चार?" त्या म्हणाल्या, "औषध कुत्र्याच्या वजनावर नाही, सापाने किती विष सोडलं त्यावर. उलट छोट्या कुत्र्यात तेवढंच विष कमी रक्तात फिरतं."

बाटल्या माणसांच्याच. घोड्यांना थोडंथोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून हे बनवतात, हाफकिनमध्येही बनतं. लेबलवर चार नावं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. एक मिलिलिटर औषध घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. येऊरच्या झाडांवरचा हिरवा चापडा, तोही विषारी साप, या यादीत नाही. मुलाने स्कूटरवरून तिसऱ्या मेडिकलमधून बाटल्या मिळवल्या. मी रिक्षात, मेट्रोच्या खांबांमधून कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलेली, मांडीवर शेंग्या. ओढणीवरचे डाग मोजत होते.

मॅडमनी आधी औषध नाही, काचेची नळी काढली. स्वच्छ, कोरडी. दोन मिलिलिटर रक्त त्यात घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि म्हणाल्या, "वीस मिनिटं कुणी हलवायची नाही." घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही, हे बघायची ही सगळ्यात साधी परीक्षा. लॅब लागत नाही, मशीन लागत नाही. मी आणि मुलगा त्या नळीकडे बघत बसलो. पंखासुद्धा बंद केला होता, तशी गरज नव्हती. विसाव्या मिनिटाला मॅडमनी नळी आडवी केली. रक्त कोकमाच्या सरबतासारखं सरळ काठापर्यंत वाहत आलं.

मग बाटल्या. तळाशी पांढऱ्या पावडरची चकती. त्यात पाणी सोडून मॅडम बाटली दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवत राहिल्या, पोळीसाठी कणकेचा गोळा वळावा तशी. हलवली तर फेस होतो. पाच-सात मिनिटं एकेका बाटलीला. मला वाटत होतं, ओरडावं, लवकर करा. अ‍ॅड्रेनलिनची सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती, कारण घोड्याच्या प्रथिनांची कुत्र्यालाही जोरदार अ‍ॅलर्जी येऊ शकते. आलीच. दहाव्या मिनिटाला पोटावर गांधी उठल्या, शेंग्या धापा टाकू लागला. सलाईन थांबवलं, एक इंजेक्शन दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब थेंब सुरू.

रात्री साडेनऊला दोन बाटल्या सुरू केल्या होत्या. पहाटे साडेतीनला पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा पातळ. तिसरी बाटली. सकाळी दहाला नळी पूर्ण उलटी केली तरी रक्त तळाशी जेलीसारखं चिकटून राहिलं. मॅडमनी ती मला हातात दिली. मी कितीतरी वेळ उलटीसुलटी करत होते.

पुढचा आठवडा लघवीचा रंग बघण्यात गेला. घोणस किडनीवर जाते, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी. ओठाची कातडी काळी पडून गळाली, तिथे आता केस नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन तास पार्किंगवर आणि दहा मिनिटं कचऱ्यावर बोलणं झालं. त्या दहा मिनिटांत भिंतीलगतचं गवत कापायचं आणि डबे झाकणाचे आणायचे एवढं पदरात पडलं. वन खात्याचा १९२६ हा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लागला. मी शेंग्याला आता अंधारात जाडजूड टॉर्च आणि आखूड दोरीवर, रस्त्याच्या मधोमध नेते. त्याला ते अजिबात आवडलेलं नाही.

चौथी बाटली उरली होती. मेडिकलवाला परत घेईना, म्हणून मॅडमकडेच ठेवली. ऑगस्टच्या शेवटी रात्री पावणेबाराला त्यांचा मेसेज आला: "तुमची बाटली वापरली. पॉमेरेनियन, चार किलो. आणखी दोन मागवल्यात."