पुढं दुसरी गन होती

महामार्ग पोलिसांत इंटरसेप्टरवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या गाडीवर, ड्युटी केली की एक गोष्ट लवकर कळते: आपण उभे आहोत ही बातमी आपल्या आधीच रस्त्याने पळत असते. पलीकडून जाणारा ट्रकवाला डिपर देतो आणि सगळ्या गाड्या वरातीत निघाल्यासारख्या सावकाश येतात.

गळीत हंगाम ऐन भरात होता. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईकडे येताना आमची गाडी उभी होती. त्या दिवशी साहेबांनी डोकं लढवलं. दोघांना हातातली स्पीडगन देऊन तीन किलोमीटर पुढं पाठवलं. सूचनेचा फलक तिथंही होता म्हणा, पण तो वाचायला वेग कमी लागतो.

दुपारी एक पांढरी एसयूव्ही आमच्यासमोरून ७६ नं गेली. वर गड्यानं हातही केला. दोन मिनिटांत वायरलेस वाजला: तीच गाडी, ११८.

अडवल्यावर तो खरोखर चिडला होता. "साहेब, एका रस्त्यावर दोनदा कुठं पकडतेत व्हय? मागं तर स्लो केली होती की!"

त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही, पण त्यात आमच्या कामाची मेख आहे. कॅमेरा जिथं आहे तिथंच वेग उतरतो. दोन ठिकाणी वेळ नोंदवून मधला सरासरी वेग काढला, तर ऐनवेळी ब्रेक दाबून सुटता येत नाही. आमच्या रस्त्याला तेच हवं.

त्याच्याशी हुज्जत चालू असतानाच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गेला. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याखाली, गडप. वेग विशीच्या आसपास, म्हणजे गनच्या हिशेबी एकदम सज्जन. अंधारात या ट्रॉलीमागं ११८ नं कोणी आलं, तर मधलं शंभर मीटर अंतर चार सेकंदांच्या आत संपतं. दिसून, कळून, ब्रेक लागेपर्यंत काय उरतं? या भागातले अपघात पाहिलेल्याला ते सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर थांबवून आम्ही लाल पट्ट्या चिकटवल्या. एसयूव्हीवाला गुमान बघत होता, मग म्हणाला, "ह्याला नाही का चलान?"

त्यालाही केलं. एसयूव्हीचं ई-चलान मालकाच्या मोबाइलवर गेलं. भरतो की लोकअदालतीची वाट बघतो, ते ऑनलाइन दिसेलच.